पंचगंगा नदीचे प्रदूषण

कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगा ही कृष्णेची उपनदी. सह्याद्रीतून येणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या करवीर तालुक्यात प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. तिथून कोल्हापूर आणि इचलकरंजी ही दोन शहरे ओलांडून, सुमारे ८० किमी वाहत नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. गगनबावड्यासारखा धो धो पावसाचा भाग तिच्या पाणलोटात आहे आणि राजर्षी शाहू महाराजांनी आरंभलेले राधानगरी धरण भोगावतीवर आहे. म्हणजे पाण्याचा दुष्काळ हे इथल्या प्रदूषणाचे कारण नव्हे. २०१९ आणि २०२१ साली याच नदीच्या महापुराने कोल्हापूर वेढले होते. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तिच्यातील महाराष्ट्राच्या ५३ पट्ट्यांत पंचगंगा आहेच.

घाण येते ती मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट शहरी सांडपाण्याची. कोल्हापुरातील जयंती नाला, दुधाळी नाला आणि इतर लहान नाले थेट नदीकडे उतरतात. काठच्या गावांच्या गटारांचे पाणीही याच वाटेने येते आणि त्याचा हिशेब फारसा कोणी ठेवत नाही. दुसरी वाट इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगाची. सुताला खळ लावणाऱ्या (सायझिंग) आणि कापड धुऊन रंगवणाऱ्या (प्रोसेस) कारखान्यांतून कॉस्टिक सोडा, ब्लीच, रंग आणि मीठ मिसळलेले पाणी बाहेर पडते आणि शहरातला काळा ओढा ते नदीत नेतो. तिसरी वाट साखर कारखान्यांची आणि त्यांच्या आसवन्यांची. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे गडद तपकिरी पाणी नदीत पडले, तर ते कुजवताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू झपाट्याने संपवतात. ही प्राणवायूची गरज म्हणजेच बीओडी. आंघोळीयोग्य पाण्यात ती लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा दंडक आहे.

पण घाण किती येते याइतकेच ती कुठे साचते हेही पाहावे लागते, आणि पंचगंगेच्या चर्चेत नेमके तेच मागे पडते. नदीवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकामागून एक कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांबांना खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांत फळ्या, म्हणजे बरगे, घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर ते काढून घेतात. शेतीला हे बंधारे वरदान ठरले. उसाचा पट्टा त्यांच्यावरच उभा आहे. मात्र बरगे बसले की नदी वाहायची थांबते आणि एका तळ्याखाली दुसरे तळे अशी तिची रांग होते. याच दिवसांत उसाचा गाळप हंगाम सुरू होतो. नाल्यांचे पाणी बारमाही येतच असते. अडलेल्या पाण्यात गाळ तळाशी बसून सडतो आणि वर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पसरते. मग वळवाच्या पावसाने किंवा बरगे काढल्याने तळाचा काळा गाळ एकदम ढवळून पुढे जातो, प्राणवायू संपतो आणि तेरवाडच्या परिसरात मेलेल्या माशांचा खच पडतो. दुर्गंधी गावात शिरली की आंदोलन होते, अधिकारी पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून नेतात, आणि वरून धरणाचे पाणी सोडले जाते. या पाण्याने घाण विरळ होते आणि खालच्या बंधाऱ्यापर्यंत ढकलली जाते, इतकेच.

प्रदूषणाची किंमत २०१२ च्या उन्हाळ्यात दिसली. इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. त्यानंतर प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गाजला आणि नागपूरच्या ‘निरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडून नदीचा अभ्यास झाला.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ चा, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चे. केंद्राचा जल अधिनियम त्यानंतर, १९७४ साली आला. मंडळाचे संमतीपत्र घेतल्याशिवाय कारखान्याला सांडपाणी सोडता येत नाही, आणि अटी मोडल्यास वीज-पाणी तोडून तो बंद करता येतो. नोटिसा निघतात, कारखाने बंद होतात आणि सुधारणा दाखवून पुन्हा सुरूही होतात.

प्रत्यक्ष शुद्धीकरणात सर्वांत मोठे काम कोल्हापुरातील कसबा बावड्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे आहे. त्याची क्षमता दिवसाला ७.६ कोटी लिटर आहे. दुधाळीला दुसरे, लहान केंद्र आहे. जयंती नाला अडवून त्यातले पाणी पंपांनी उपसून बावड्याला नेतात. मेख या उपशातच आहे. वीज गेली, पंप बिघडला किंवा जोराचा पाऊस आला की नाला भरून वाहतो आणि मैला सरळ नदीत जातो. इचलकरंजीत उद्योगांसाठी सामूहिक प्रक्रिया केंद्र आहे. जिवाणूंवर चालणारी प्रक्रिया सेंद्रिय घाण खाते, पण विरघळलेले क्षार तिच्याने निघत नाहीत आणि रंगही पुरता जात नाही. त्यामुळे बीओडीचा आकडा नियमात बसला, तरी ते पाणी शेतात पाजण्याजोगे असेलच असे नाही. लोकांनी मनावर घेतलेला एक उपाय मात्र चांगला रुजला आहे: गणेशमूर्ती आणि निर्माल्य नदीत न सोडता दान करण्याची चळवळ कोल्हापुरात मोठी आहे. अर्थात वर्षभर वाहणाऱ्या नाल्यांपुढे तिचा वाटा थोडाच.

दरम्यान दोन्ही शहरे पिण्याच्या पाण्यासाठी दुसरीकडे वळली. कोल्हापूरने दूधगंगा या दुसऱ्या नदीवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनी आणली. इचलकरंजीने कृष्णेवरून पाणी घेतले आणि पुढे दूधगंगेवर सुळकूड पाणीयोजना मांडली. तिला दूधगंगा काठच्या गावांनी कडाडून विरोध केला. शिरोळ तालुक्यातील पंचगंगाकाठच्या गावांना मात्र बंधाऱ्यांत साचणाऱ्या याच पाण्याशेजारी राहावे लागते.