आरसा आणि साचा: जाहिरातींतील लैंगिकतेविषयी

जाहिरातींतील लैंगिक सूचकतेवर आक्षेप घेतला की ‘समाजात आहे तेच आम्ही दाखवतो’ असे उत्तर मिळते. या उत्तरात दोन वेगळी विधाने मिसळलेली आहेत: आशय समाजातून येतो, हे एक, आणि म्हणून त्याचा समाजावर परिणाम होत नाही, हे दुसरे. पहिले मान्य केले तरी त्यातून दुसरे निघत नाही.

जून २०२२ मध्ये लेयर शॉट या बॉडी स्प्रेच्या जाहिरातींवरून वादळ उठले. त्यांपैकी एकीत चार तरुण दुकानात एका मुलीच्या मागे उभे राहून ‘आपण चौघे आणि ही एकच’ अशा अर्थाचे बोलतात. ती दचकून वळते, आणि मग उलगडते की विषय फळीवरच्या शेवटच्या बाटलीचा होता. त्या मुलीची भीती जाहिरातदाराने निर्माण केलेली नाही. ती या देशातील स्त्रियांच्या रोजच्या अनुभवातली आहे, आणि तिथवर जाहिरात आरसाच ठरते. परंतु त्या भीतीचा विनोद करायचा, आणि पाहणाऱ्याला तिच्या नव्हे तर त्या चौघांच्या बाजूला उभे करायचे, ही निवड आहे. आरसा निवड करत नाही; साचा करतो. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ट्विटर आणि यूट्यूबला त्या जाहिराती हटवण्यास सांगितले, ते योग्यच झाले.

‘परिणाम’ या शब्दातही असाच घोळ आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ५३ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा लैंगिक जाहिरातींमुळे खरेदीची इच्छा वाढते असे आढळले नाही. यावरून अशा जाहिराती निष्प्रभ असतात असे म्हणणे चुकीचे आहे, कारण तिथे मोजली गेली ती स्मरणशक्ती, उत्पादनाविषयीचे मत आणि खरेदीची इच्छा. स्त्रीकडे पाहण्याची नजर नव्हे. माल न खपवणारी जाहिरातही नजर घडवू शकते.

साचा वाईटच असतो असेही नाही. १९९१ मधील कामसूत्र कंडोमच्या जाहिरातींनी, निरोधच्या प्रचारात कर्तव्य म्हणून येणारी वस्तू दोघांच्या आनंदाशी जोडली, आणि मला तो बदल स्वागतार्ह वाटतो. आपला वाद मात्र अंगावरच्या कपड्यांभोवतीच फिरत राहिला: अजगर गुंडाळून नग्न उभ्या राहिलेल्या दोन मॉडेल्सच्या १९९५ मधील टफ बुटांच्या जाहिरातीचा खटला मुंबईत चौदा वर्षे चालला आणि २००९ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. दुकानातल्या त्या चार तरुणांच्या जाहिरातीत नग्नता औषधालाही नव्हती.