वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ

शब्दाचा सरळ, कोशात सापडणारा अर्थ तो वाच्यार्थ. तो प्रसंगाला बसेना म्हणून त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ घ्यावा लागला, तर तो लक्ष्यार्थ. पहिला देणारी शब्दशक्ती अभिधा, दुसरा देणारी लक्षणा. (तिसरी, व्यंजना, हा वेगळ्या नोंदीचा विषय.)

काश्मीरच्या मम्मटाने ११व्या शतकात ‘काव्यप्रकाश’ या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात लक्षणेला तीन अटी घातल्या: मुख्य अर्थाला बाध (म्हणजे तो प्रसंगात न बसणे), नव्या अर्थाचा त्याच्याशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे ठरलेले उदाहरण. प्रवाहावर वस्ती होत नाही, म्हणून गंगा म्हणजे काठ; आणि नुसते काठ न म्हणण्याचे प्रयोजन म्हणजे तिथला गारवा व पावित्र्य.

शालेय व्याकरण ‘बाबा ताटावर बसले’वर भागवते. ठाण्याच्या फलाटावर याहून चांगली उदाहरणे मिळतात. ‘ठाणे आलं’ म्हणजे स्थानक, ‘ठाणे आली’ म्हणजे ठाण्यापर्यंतच जाणारी लोकल. गावाचे नपुंसकलिंग सुटून क्रियापदाला गाडीचे स्त्रीलिंग लागते. अर्थ सरकल्याची नोंद व्याकरणच ठेवते. नवी मुंबईच्या गाड्यांसाठी थांबलेला माणूस ‘पनवेल गेली का?’ विचारतो, तेव्हा तोही गावाची चौकशी करत नसतो. (काटेकोर पाहिले तर ‘ठाणे आलं’ हाही लक्ष्यार्थच, येते ती गाडी.) ‘अर्धं ठाणं इथंच उतरलं’ यात गावाऐवजी गावकरी. १४व्या शतकातल्या काव्यशास्त्रकार विश्वनाथाचे ‘कलिंग साहसी’ (कलिंग देश, म्हणजे तिथले लोक) हे उदाहरण याच जातीचे.

बाधाची अट मात्र वाटते तितकी पक्की नाही. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा मुंबईकडचा जुना, रुग्णांच्या दृष्टीने बोचरा टोमणा. ठाण्यात १९०१पासून मनोरुग्णालय आहे म्हणून पडलेला. पण माणसाला खरोखरच ठाण्याला पाठवता येते, शब्दांत काहीच अडत नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, अशाच अडचणीतून लक्षणेचे मूळ वक्त्याच्या तात्पर्यात, म्हणजे त्याला काय म्हणायचे आहे त्यात, शोधले. ‘कावळ्यांपासून दही राख’ हे त्यांचे वाक्य: शब्दशः अगदी शक्य, तरी मांजर आले तर हाकलायचेच असते.

गंमत अशी की ठाण्यातच राहणाऱ्याबद्दल ठाण्यातच हा टोमणा मारला, तर मम्मटाचा बाध आपसूक उभा राहतो. तो तिथे आधीच आहे. पुण्यात हे काम येरवडा करतो. तिथे मनोरुग्णालयाबरोबर तुरुंगही असल्याने, ‘येरवड्याला धाडा’ म्हणणाऱ्याचा रोख वेडावर की गुन्ह्यावर, ते प्रसंगावरूनच ओळखावे लागते.