पावणेदोन किलो हायड्रोजनचा हिशेब

ऑक्टोबर 2020 मध्ये पुण्यात एका मोटारीची चाचणी झाली. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे पुणेकरांची एनसीएल, आणि वाहनांसाठी सॉफ्टवेअर करणारी केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून बॅटरीवर चालणाऱ्या एका प्रवासी गाडीत देशात तयार केलेला फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारं उपकरण, बसवला होता. या प्रकल्पात सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या, तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या प्रयोगशाळेचाही वाटा होता. गाडीच्या टाकीत हायड्रोजन मावत होता जेमतेम पावणेदोन किलो, आणि तेवढ्यावर ताशी 60-65 किलोमीटर वेगाने सुमारे 250 किलोमीटर जाता येईल असा अंदाज होता. पावणेदोन किलो पेट्रोल म्हणजे सव्वादोन-अडीच लिटर. चांगलं अ‍ॅव्हरेज देणारी गाडीसुद्धा तेवढ्यात चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर गेली तर खूप झालं.

एवढा फरक पडतो तो दोन कारणांनी. एक तर किलोला किलो लावून पाहिलं तर हायड्रोजनमध्ये पेट्रोलच्या पावणेतीन पट ऊर्जा असते. दुसरं म्हणजे या गाडीत हायड्रोजन जाळलाच जात नाही. पेट्रोल इंजिनात इंधनाची बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. फ्युएल सेल मात्र साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त ऊर्जेची थेट वीज करतो, आणि ती वीज मोटर फिरवते. त्यामुळे हायड्रोजनची गाडी ही खरं तर इलेक्ट्रिक गाडीच आहे. तिची वीज चार्जरमधून न येता गाडीतच तयार होते, इतकंच.

ही वीज तयार होते ती जागा पाहण्यासारखी आहे. फ्युएल सेलच्या मधोमध प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, केसाहूनही पातळ असा पडदा असतो. दोन्ही बाजूंना कार्बनवर प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. एका बाजूने हायड्रोजन येतो. प्लॅटिनमवर त्याच्या अणूचे दोन भाग होतात, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. ओलसर पडदा प्रोटॉनला आरपार जाऊ देतो, इलेक्ट्रॉनला मात्र अडवतो. गावातला रस्ता बंद असला की गाड्यांना बायपासने जावं लागतं, तसं इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालून पलीकडे पोचावं लागतं. त्या वळशावरच मोटर जोडलेली असते. पलीकडच्या बाजूला हवेतला ऑक्सिजन थांबलेला असतो. तिथे तिघं एकत्र येतात आणि पाणी होतं. एक किलो हायड्रोजनचं नऊ किलो पाणी होतं. म्हणजे पुण्याच्या त्या गाडीतून पूर्ण टाकी संपेपर्यंत जवळपास सोळा लिटर पाणी, काही वाफ होऊन तर काही थेंबाथेंबाने, बाहेर पडणार. बाकी धूर काही नाही.

कल्पना जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी 1839 च्या सुमारास असा घट, म्हणजे सेल, करून दाखवला होता. पण अशा एका घटातून प्रत्यक्ष मिळतो एका व्होल्टपेक्षा कमी विद्युतदाब, म्हणून गाडीसाठी शेकडो घट एकावर एक रचावे लागतात. टोयोटाच्या 2014 सालच्या मिराई या हायड्रोजन गाडीत असे 370 घट होते. शिवाय प्लॅटिनम महाग आहेच, पण त्याहून मोठी पंचाईत म्हणजे ते फार नाजूक आहे. हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अगदी अंश राहिला किंवा हवेतून गंधकाची संयुगं आली, तरी प्लॅटिनमचं काम मंदावतं. आपल्याकडच्या शहरांची हवा पाहता फ्युएल सेलच्या एअर फिल्टरकडे किती लक्ष द्यावं लागेल याची कल्पना येईल.

साठवणीची अडचण याहून मोठी. हायड्रोजन वजनाला हलका, पण जागा बेसुमार व्यापतो. पावणेदोन किलो हायड्रोजन साध्या हवेच्या दाबाला ठेवायचा तर दहा हजार लिटरचे पाण्याचे दोन टँकरही अपुरे पडतील. म्हणून पुण्याच्या गाडीत तो 350 बार दाबाने भरला होता. मिराईत हाच दाब 700 बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सातशे पट असतो. एवढा दाब सोसायला टाकीवर कार्बन फायबरचे थर गुंडाळलेले असतात. आगीत टाकी तापली तर एक झडप आपोआप उघडते आणि वायू ठरलेल्या दिशेने बाहेर सोडते. हायड्रोजन हवेत 4 ते 75 टक्के इतक्या मोठ्या पट्ट्यात पेट घेऊ शकतो आणि त्याची ज्योत दिवसा जवळपास दिसत नाही, हे खरं आहे. पण तो हलका असल्याने मोकळ्या जागेत झपाट्याने वर निघून जातो. सांडलेल्या पेट्रोलसारखा गाडीखाली साचून राहत नाही. धोका असतो तो बंदिस्त जागेत आणि हलगर्जीपणात. 2019 मध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळच्या एका हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. तपासात कारण निघालं ते टाकीच्या जोडणीतले नीट न आवळलेले बोल्ट.

आता मूळ प्रश्न. हा हायड्रोजन आणायचा कुठून? ‘पाण्यावर चालणारी गाडी’ असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात आणि भली भली माणसं ते पुढे पाठवतात. पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. त्यातून ऊर्जा मिळत नाही. उलट हायड्रोजन परत सुटा करायला ऊर्जा घालावी लागते. आज जगातला बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो करताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो हायड्रोजन भरून गाडी धूर सोडत नाही म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. धूर फक्त कारखान्याकडे सरकलेला असतो.

सौर किंवा पवन विजेने पाण्याचं विघटन केलं तर मिळतो हरित हायड्रोजन. त्याला किलोमागे पन्नासएक युनिट वीज लागते, दाब द्यायची वीज वेगळी. म्हणजे पुण्याच्या गाडीची टाकी भरायला ढोबळमानाने नव्वद ते शंभर युनिट. हीच वीज सरळ बॅटरीत भरली तर? लहान इलेक्ट्रिक गाडी युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. चार्जिंगमधली घट धरली तरी पाचशे किलोमीटर सहज होतील, दुप्पट! रोज ऑफिसला जायच्या छोट्या गाडीत हायड्रोजन घालण्यात मला म्हणूनच शहाणपण वाटत नाही. कॅलिफोर्नियात शेल या तेल कंपनीने मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप 2024 मध्ये बंद केले, त्याचंही फार आश्चर्य वाटत नाही.

मालवाहतुकीचं गणित मात्र वेगळं आहे. चाळीस टनी ट्रकला पाचशे-सहाशे किलोमीटर न्यायचं तर बॅटरीच काही टनांची होते, तेवढा माल कमी न्यावा लागतो, आणि ट्रक चार्जिंगला उभा राहिला की मालकाचा धंदा बुडतो. हायड्रोजन काही मिनिटांत भरता येतो. केपीआयटी आणि सीएसआयआरने 2022 मध्ये पुण्यात पुढचं पाऊल टाकलं ते मोटारीत नव्हे, बसमध्ये, हे मला योग्य वाटतं. मार्च 2025 पासून टाटा मोटर्सचे 16 हायड्रोजन ट्रक चाचणीसाठी रस्त्यावर येऊ लागले. त्यांच्या मार्गांमध्ये मुंबई आणि पुणे परिसरही आहे. यातल्या काही ट्रकमध्ये फ्युएल सेल आहे, तर काहींत हायड्रोजन थेट जाळणारं इंजिन. जाळणारं इंजिन स्वस्त पडतं आणि हायड्रोजनच्या शुद्धतेबद्दल फारसं चोखंदळ नसतं, पण त्याची कार्यक्षमता कमी आणि उच्च तापमानामुळे नायट्रोजनची प्रदूषक ऑक्साइडं तयार होतात. जास्तीत जास्त दोन वर्षांच्या या चाचणीत दोन्ही प्रकारचे ट्रक नेहमीच्या मालासह धावायचे आहेत.