व्यावसायिक कचरा व्यवस्थापन (पुणे)

दुकाने, हॉटेले, मंडया आणि कार्यालये यांचा कचरा वेगळा करणे, उचलणे व त्यावर पुनर्प्रक्रिया करणे यांसाठी शहर पातळीवर आखलेली व्यवस्था. घरगुती कचऱ्याची योजना मोठी करून ती बाजारपेठेला लावली की बहुधा फसते, कारण दोन्हींच्या वेळा जुळत नाहीत. घंटागाडी सकाळी येते तेव्हा लक्ष्मी रस्त्यावरची दुकाने बंद असतात आणि हॉटेलातले खरकटे आदल्या रात्रीपासून पिंपात आंबत असते. म्हणून आखणीची सुरुवात गाड्यांच्या संख्येपासून नव्हे, तर कोणत्या गल्लीत कोणता कचरा किती वाजता बाहेर पडतो, या पाहणीपासून व्हायला हवी.

कायद्याची चौकट राष्ट्रीय आहे. पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांनी शहरांतल्या कचऱ्याबाबत १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेनंतर २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या आस्थापनांना ‘मोठे कचरा उत्पादक’ ठरवले. हॉटेलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा आणि विकाऊ माल अधिकृत कचरावेचकांना किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना द्यावा, असे त्यांत सांगितले होते. महाराष्ट्राची प्लास्टिकबंदी मार्च २०१८ मधली.

पुण्याची खरी पुंजी मात्र नियमांच्या आधीची आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार कचरा गोळा करणाऱ्या या बहुसंख्य स्त्रियांना सुक्या मालाची विक्री हे महत्त्वाचे उत्पन्न आहे. नवी योजना आखताना पुठ्ठा, बाटल्या, पत्रा असा भाव मिळणारा माल ठेकेदाराकडे वळवला, तर त्यांच्या वाट्याला फक्त घाण उरते. हा अन्याय आहे. शिवाय पुठ्ठ्याचा भाव नाजूक असतो. कापड दुकानातून सुटलेला खोका रात्री हॉटेलच्या पिंपाशेजारी ठेवला आणि त्यावर आमटी सांडली, की रद्दीवाला तो हातात घेत नाही.

ओल्या कचऱ्यासाठी महापालिकेने वेगवेगळ्या भागांत छोटे बायोगॅस प्रकल्प उभारले आणि हॉटेलांचा कचरा तिकडे नेला. तिथे अडचण मालाच्या शुद्धतेची येते. खरकट्यात चमचे, प्लास्टिकच्या पुड्या आणि लिंबाच्या साली भरपूर आल्या, तर यंत्र अडकते आणि गॅसही घटतो. त्यामुळे वर्गीकरण भांडी घासण्याच्या मोरीपाशीच झाले पाहिजे. भांडी घासणाऱ्या पोऱ्याला ते नीट दाखवणे मालकाला पाठवलेल्या नोटिशीपेक्षा जास्त कामाचे. तळणीच्या तेलाला स्वतंत्र पिंप लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या घटकांची) मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. त्यापुढचे तेल गटारात न जाता जैवइंधनासाठी जावे, हा हेतू.

हे सगळे पेठांतल्या व्यापाऱ्याला दूरचे वाटते, पण वर्गीकरण न झालेल्या कचऱ्याचे ओझे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. तिथल्या कचरा डेपोविरुद्ध त्यांनी पुन्हा पुन्हा आंदोलने केली.

शहाळ्याची टरफले हा अजून नीट न सुटलेला भाग. ती ओल्या कचऱ्यात धरली जातात, पण कुजायला अनेक महिने लागतात आणि आकारामुळे गाडी लवकर भरते. त्यांचा काथ्या निघू शकतो. त्यासाठी टरफले चिरडणारे वेगळे यंत्र आणि शहाळेवाल्यांच्या ठिय्यांवरून रोज फिरणारी वेगळी गाडी लागते.