एक ‘रेव्होल्यूशन’ पेटलेलं, एक पडून गायलेलं

सांगलीत विश्रामबागला आम्ही खोली घेऊन राहायचो तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे बीटल्स या इंग्लिश बँडच्या ‘१९६७–१९७०’ या निवडक गाण्यांच्या संचाची कॅसेट होती. मिरजेहून रोज सायकल हाणत येणाऱ्या मित्राकडे ‘व्हाइट अल्बम’ होता, त्याच्या पुण्याच्या मामांनी भरून दिलेला. एका संध्याकाळी भडंगाचा पुडा मध्ये ठेवून गप्पा चालल्या होत्या आणि मी बोलून गेलो, ‘रेव्होल्यूशन’ची गिटार सुरू झाली की अंगावर काटा येतो.

‘कसली गिटार? निवांत गाणं हाय की ते. मागनं शूबीडू शूबीडू म्हणत्यात.’

‘खुळा हाईस का? सुरुवातीलाच किंचाळतोय त्यो.’

‘किंचाळतंय कोण? झोपल्यागत गातोय.’

भडंग संपलं, भांडण काही संपेना. शेवटी दोघांनी आपापल्या कॅसेटी लावल्या तेव्हा कळलं की दोघंही खरं बोलत होतो. गाणारा तोच जॉन लेनन, चाल तीच, शब्द जवळपास तेच, पण गाणी दोन. त्याचं होतं ‘रेव्होल्यूशन वन’, माझं नुसतं ‘रेव्होल्यूशन’. माझं गाणं मुळात कुठल्या अल्बमवर नव्हतंच, ते एका रेकॉर्डची मागची बाजू होतं, म्हणजे बी-साइड, हे मला बऱ्याच वर्षांनी समजलं.

ज्यांनी रेकॉर्डी हाताळल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सिंगल म्हणजे सात इंची छोटी तबकडी, मिनिटाला ४५ फेरे, एका बाजूला एक गाणं. कंपनीची भिस्त ज्या गाण्यावर, ते पुढच्या बाजूला. मागची बाजू कोरी ठेवता येत नाही म्हणून तिथे आणखी एक. मोठ्या रेकॉर्डची दुसरी बाजू निराळी, तिच्यावर चार-सहा गाणी असतात आणि ती पहिलीच्याच मानाची असते. बी-साइडचं तसं नाही. पुष्कळ बँडांच्या बी-साइड म्हणजे भाजी घेतल्यावर भाजीवालीने वर टाकलेली कोथिंबीर. कधी ताजी निघते, बहुतेक वेळा सुकलेली.

‘रेव्होल्यूशन’ ज्या भाजीबरोबर आलं ती भाजीच अशी होती की कोथिंबिरीकडे कोण बघणार? पुढच्या बाजूला होतं सात मिनिटांहून लांब ‘हे जूड’. ऑगस्ट १९६८ च्या शेवटच्या आठवड्यात ही तबकडी आली, अमेरिकेत २६ तारखेला आणि इंग्लंडमध्ये ३० ला. ॲपल या स्वतःच्या लेबलवरची बीटल्सची ही पहिली सिंगल. आपलं गाणं पुढच्या बाजूला यावं अशी लेननची फार इच्छा होती, पण ‘हे जूड’ ऐकल्यावर त्यालाही माघार घ्यावी लागली. ‘हे जूड’ अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसून राहिलं. तरीही मागच्या बाजूचं हे गाणं तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत चढलं. कोथिंबिरीला स्वतंत्र गिऱ्हाईक मिळालं म्हणायचं.

गोंधळ होतो तो क्रमाचा. बाजारात आधी आलं ते जोरकस गाणं. ‘व्हाइट अल्बम’ २२ नोव्हेंबरला आला आणि त्याच्या चौथ्या बाजूच्या सुरुवातीला ते संथ गाणं होतं. त्यामुळे वाटतं की आधी तापलेलं गायले, मग सावकाश बसून त्याची मवाळ आवृत्ती केली. स्टुडिओत झालं नेमकं उलटं. लेननने हे गाणं त्याच वर्षी आपल्या ऋषिकेशात असताना लिहायला घेतलं होतं. परत गेल्यावर ३० मे १९६८ ला ॲबी रोडच्या ईएमआय स्टुडिओत ‘व्हाइट अल्बम’चं ध्वनिमुद्रण सुरू झालं तेच या संथ गाण्याने. काही दिवसांनी लेननने आवाजाला वेगळी ढब यावी म्हणून जमिनीवर उताणा पडून ते गायलं. मित्राचं ‘झोपल्यागत गातोय’ हे अगदी शब्दशः खरं होतं, आणि ते मला मान्य करायला वीस वर्षं लागली. पुढे त्यावर ट्रंपेट-ट्रॉम्बोन चढले, शूबीडू चढलं, आणि सव्वाचार मिनिटांचं एक सैलसर, पान खाऊन ओट्यावर बसल्यासारखं गाणं तयार झालं.

मुळात ते दहा मिनिटांच्या पुढे गेलं होतं. शेवटचा गोंगाटाचा भाग कापून बाजूला काढला आणि त्याच्या पायावर ‘रेव्होल्यूशन नाइन’ उभं राहिलं: आठ मिनिटांहून जास्त चालणारी आवाजांची गोधडी, मधूनच एक माणूस ‘नंबर नाइन’ म्हणत राहतो. या तिसऱ्याला आपण आपल्या भांडणात घेत नाही. नाव सारखं आहे एवढंच, त्यात गाणं शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही.

संथ गाणंच सिंगल म्हणून काढू या, असं लेननचं म्हणणं होतं. बँडमधले मॅकार्टनी आणि हॅरिसन म्हणाले, सिंगलसाठी हे फार हळू आहे. मग लेनन इरेला पेटला. जुलैच्या १० ते १२ तारखांच्या दरम्यान तेच गाणं पुन्हा, वेगाने आणि गिटारी फाडून, वाजवलं गेलं. माझं बी-साइड हे असं रागातून जन्माला आलंय.

त्या गिटारच्या आवाजाबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं टेपचा हेड घाण झालाय. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसला, पुन्हा लावलं, पुन्हा तीच खरखर. मग कॅसेट खराब आली म्हणून दुकानदाराला दोन शिव्याही मनातल्या मनात घातल्या. हा आवाज कोणीतरी मुद्दाम काढलाय हे डोक्यातच येत नव्हतं.

ते डोक्यात आलं मिरजेत. मित्राच्या ओळखीच्या एका सतारमेकरांकडे आम्ही दुपारचे जाऊन बसायचो. मिरजेत तंबोरे आणि सतारी पिढ्यान्‌पिढ्या बनतात, आणि ही कला सुरू केली ती मूळच्या शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी. त्या दिवशी ते एका तंबोऱ्याची जवारी काढत होते. तंबोऱ्याच्या घोडीवर तार नुसती टेकलेली नसते. घोडीचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो आणि थरथरणारी तार त्या उताराला पुन्हा पुन्हा चाटून जाते. त्यातून मूळ स्वराच्या डोक्यावर बारीक बारीक वरचे स्वर उमटतात. मग तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचा. जागा सापडली की एवढा वेळ मुका असलेला तंबोरा एकदम बोलायला लागतो. जवारी बंद ठेवली तर आवाज गोल आणि गोड येतो, उघडी ठेवली तर झणझणीत. कारागिरांनी कानस खाली ठेवून तार छेडली, आणि मला त्या झंकारात माझी ‘खराब’ कॅसेट ऐकू आली.

आता ॲबी रोडमध्ये काय झालं ते पाहा. इंजिनियर जेफ एमरिकने गिटारी ॲम्प्लिफायरला जोडल्याच नाहीत. त्या थेट मिक्सिंगच्या टेबलात घातल्या, एका प्री-ॲम्पमधून, म्हणजे बारीक आवाज मोठा करणाऱ्या यंत्रातून, काढून दुसऱ्या प्री-ॲम्पमध्ये, आणि दोन्ही त्यांच्या कुवतीपलीकडे चढवले. प्री-ॲम्पची उंची संपली की लाटेला वर जायला जागा राहत नाही, तिचा माथा सपाट कापला जातो. अशा कापलेल्या लाटेत मूळ स्वराबरोबर नवे वरचे स्वर भरतात. तंबोऱ्यात घोडी जे करते तेच इथे विजेने केलं. रियाजी मंडळींनी मला माफ करावं, फरक मलाही कळतो. जवारी काढणारा माणूस स्वर शुद्ध राहील एवढंच घासतो, आणि एमरिकने यंत्रं जळून जातील की काय अशी वेळ आणली. मोठ्या स्टुडिओत असं करणं म्हणजे देवघरात चप्पल घालून शिरण्यासारखं होतं. पण त्यामुळेच ही गिटार धारदार न वाटता करवतीसारखी वाटते. ‘रेव्होल्यूशन वन’मध्येही गिटार आहे, बरी आहे, पण तिची जवारी बंद आहे.

निकी हॉपकिन्सचा इलेक्ट्रिक पियानो विसरून चालणार नाही. चारही बीटल्स एकमेकांवर ओरडत असताना हा बाहेरचा माणूस ११ जुलैला येतो आणि गाण्याच्या शेवटाकडे इतकं खेळकर वाजवून जातो की सगळा राग क्षणभर जत्रेतला होतो. संथ गाण्यात ही जागाच नाही.

इथवर वाटेल की जोरकस ते जहाल आणि संथ ते मवाळ. इथेच हे गाणं फसवतं. क्रांतीच्या नावाखाली नासधूस करायची असेल तर, बी-साइडवर लेनन स्वच्छ म्हणतो, मला ‘आउट’ समजा, म्हणजे मी त्यात नाही. एवढा आरडाओरडा, एवढ्या फाटलेल्या गिटारी, आणि सांगायचं काय, तर सबुरीने घ्या. पडून गायलेल्या गाण्यात त्याच जागी तो म्हणतो ‘आउट’, आणि लगेच पुढे हळूच जोडतो ‘इन’. म्हणजे आवाज गार असलेलं गाणं शब्दांत जास्त धोक्याचं आहे. आपलं मन पक्कं नव्हतं म्हणून दोन्ही म्हटलं, असं त्याने पुढे सांगितलं. मे महिन्यात पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, तेव्हाचं हे मन आहे.

आणि क्रमाचा घोटाळा इथे महागात पडतो. ‘इन’ असलेलं गाणं लोकांच्या हातात नंतर आलं, म्हणून काहींनी समजूत करून घेतली की टीका ऐकून लेनन जहालांकडे सरकला. खरं तर दोलायमान तो आधी होता. जुलैपर्यंत त्याने ‘इन’ काढून टाकलं होतं.

माझ्या घरात मला हे समजायला अडचण आली नाही. आमच्याकडे ‘क्रांती’ म्हटलं की आजच्या पोरांना कुंडलचा साखर कारखाना आठवतो, पण आजोबांना इंग्रजांविरुद्धचं प्रतिसरकार आठवायचं. नाना पाटलांची माणसं रात्री यायची, आजी भाकरी-पिठलं करून द्यायची, आजोबा अंधारात उभं राहून वाटेवर नजर ठेवायचे. १९४३ मध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीला रेल्वे लुटली तो विषय निघाला की मात्र ते उठून गोठ्यात जायचे. ‘त्यात मी न्हवतो’ एवढंच म्हणायचे. त्यांचे धाकटे भाऊ हसायचे: ‘भाकरी कुणाची खाल्ली मग त्यांनी?’ व्हाइट अल्बमवर ‘आउट’नंतरचं ते ‘इन’ ऐकलं की मला गोठ्याकडे जाणारे आजोबा दिसतात. एवढं एक बळ त्या संथ गाण्यात आहे, आणि ते माझ्या लाडक्या बी-साइडमध्ये नाही. मित्राला हे अजून सांगितलेलं नाही.

ओळखायचं कसं, असं कोणी विचारलं तर पहिले दोन-तीन सेकंद पुरतात. गिटारने कानाखाली आवाज काढला आणि पाठोपाठ किंकाळी आली, तर ते बी-साइड. स्टुडिओतलं कोणीतरी ‘टेक टू’ म्हणतंय आणि लेनन ‘ओके’ म्हणतोय, असं आरामात सुरू झालं तर ते अल्बमवरचं. एक सूचना मात्र आहे. बी-साइड ऐकायचंच तर मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकत्र येतो तसं, ऐका. मूळ तबकडी मोनोच होती. स्टिरिओ मिश्रण १९६९ च्या शेवटी, पुढच्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या एका संचासाठी केलं. त्यात आवाज डावी-उजवीकडे वाटले गेले आणि त्या गर्दीची दाटी मोडली. लेननलाही ते आवडलं नव्हतं. माझ्या कॅसेटवर स्टिरिओच होतं, म्हणजे ज्या आवाजासाठी मी त्या संध्याकाळी भांडलो तो पुरता मी ऐकलाही नव्हता.

आता शेवटची गंमत. ४ सप्टेंबर १९६८ ला लंडनच्या ट्विकनहॅम स्टुडिओत बीटल्सने बी-साइडची फिल्म काढली. वाद्यं रेकॉर्डवरचीच लावली, पण गाणं तिथे ताजं गायलं. सुरुवातीची किंकाळी मॅकार्टनी मारतो, कारण किंचाळून लगेच पहिली ओळ पकडणं लेननला जमण्यासारखं नव्हतं. फाटक्या गिटारींवर मॅकार्टनी आणि हॅरिसन संथ गाण्यातलं शूबीडू म्हणतात. आणि लेनन ‘आउट’ म्हणून लगेच ‘इन’ म्हणतो.

गेल्या दिवाळीत मित्र घरी आला होता. मी ही फिल्म मोबाइलवर लावून त्याच्या हातात दिली. शूबीडू सुरू झालं तसा तो ओरडलाच.

‘बघ! म्हटलं न्हवतं का? शूबीडू हाय की!’

‘आणि गिटार कुणाची हाय?’

‘गिटारचं सोड. शब्द बघ.’

आतून बायको म्हणाली, भडंग आणखी आणू का, तुमचं काही लवकर आटपत नाही.