पार्श्वभूमी : शहरांची आखणी, सार्वजनिक वाहतूक आणि बदलते हवामान

शहर कसे वाढावे आणि त्यातील माणसांनी ये-जा कशी करावी, हे प्रश्न एकोणिसाव्या शतकात एकमेकांपासून फारसे वेगळे नव्हते. रेल्वे आणि ट्रामचे रूळ जिकडे गेले तिकडे वस्ती सरकली आणि स्थानकापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात ती दाट राहिली. मोटारीने हे नाते तोडले. आधुनिक वास्तुरचनाकारांच्या १९३३ मधील चर्चेतून पुढे आलेल्या अथेन्स सनदेने, म्हणजे नगररचनेच्या तत्त्वांच्या जाहीरनाम्याने, निवास, काम, विरंगुळा आणि वाहतूक अशी शहराची चार कार्ये मानली आणि त्यांच्यासाठी वेगवेगळे भाग राखण्याचा विचार मांडला. कारखान्यांच्या धुरापासून घरे दूर ठेवण्याचा हेतू रास्तच होता. परंतु या विचाराने आखलेल्या वस्त्यांत घर आणि कामाचे ठिकाण यांतील अंतर वाढले आणि ट्राम मोडीत काढलेल्या अनेक शहरांत ते मोटारीनेच कापावे लागले.

वेगळी वाट धरणारी शहरे थोडी होती. कोपनहेगनच्या १९४७ च्या आराखड्यात वस्ती हाताच्या बोटांप्रमाणे उपनगरी रेल्वेमार्गांलगत पसरावी आणि मधली जमीन मोकळी राहावी, अशी योजना होती. ब्राझीलमधील कुरितिबाने १९७४ मध्ये बससाठी राखीव मार्गिका सुरू केल्या आणि त्यांच्या कडेलाच उंच इमारतींना परवानगी दिली. १९९१ मध्ये तेथे नळीच्या आकाराची स्थानके आली. प्रवासी आधीच भाडे देऊन आत थांबतो, फलाट बसच्या तळाच्या उंचीचा असतो आणि तिकिटासाठी बस खोळंबत नाही. पुढे कोलंबियातील बोगोटासह अनेक शहरांनी राखीव मार्गिका उचलल्या. त्यालगतच्या जमिनीच्या वापराचा नियम मात्र त्यांतील फार थोड्यांनी उचलला, आणि खरे मर्म तर तेथेच होते.

सिंगापूरने १९७५ मध्ये आणि लंडनने २००३ मध्ये मध्यवर्ती भागात शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क बसवले, ते प्रामुख्याने कोंडी कमी करण्यासाठी. हवामानाचा मुद्दा शहरी वाहतुकीच्या धोरणात ठळक झाला तो पर्यावरण आणि विकासावरील १९९२ च्या रिओ परिषदेनंतर, हळूहळू. २०१७ पर्यंत चीनमधील शेनझेनने आपल्या सोळा हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या. ही कामगिरी मोठी आहे. पण विजेची बसही कोंडीत अडकतेच.

दरम्यान हवामानानेच वाहतुकीला गाठले. २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समुद्राचे पाणी घुसवले. जुलै २०२१ मध्ये चीनमधील झेंगझौ येथे तासाभरात २०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि मेट्रोत १४ जणांचा बळी गेला. बँकॉकच्या भुयारी मेट्रोत मात्र प्रवाशाला आधी काही पायऱ्या चढून मग खाली उतरावे लागते, कारण प्रवेशद्वारे पुराचा विचार करून उंचावर बांधलेली आहेत.

यातून नियोजनकारांपुढे नवा पेच उभा राहतो. चढ-उतार टाळण्यासाठी कित्येक जुने लोहमार्ग नदीकाठच्या सखल भागातून नेलेले आहेत. अशा स्थानकांभोवती वस्ती दाट केली, तर मोटारींचा वापर घटेल. मात्र पुराच्या वाटेत राहणारी माणसे वाढतील.