पर्यटन कंपन्यांची संचालक मंडळे : स्त्री-सहभाग आणि पर्यावरणीय शाश्वतता

हॉटेल, विमान वाहतूक, क्रूझ, सहल-आयोजन अशा व्यवसायांतील कंपन्यांच्या संचालक मंडळांवर स्त्रिया आल्याने त्यांच्या पर्यावरणविषयक निर्णयांत फरक पडतो का, हे तपासणारा व्यवस्थापनशास्त्रातील अभ्यासविषय.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे ८ टक्के असल्याचे दाखवले. प्रवासाबरोबर पर्यटकांचे खाणेपिणे आणि खरेदीही त्यात धरलेली होती. जागतिक पर्यटन संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार या क्षेत्रात काम करणाऱ्यांत ५४ टक्के स्त्रिया होत्या. खोल्या आवरणाऱ्या आणि चादरी-टॉवेल धुणाऱ्या कामगार स्त्रियांना पाणी नेमके कुठे वाया जाते ते रोज दिसते, पण हा अनुभव संचालक मंडळाच्या बैठकीपर्यंत क्वचितच पोहोचतो.

स्त्रिया स्वभावतःच निसर्गाची काळजी घेतात, हे स्पष्टीकरण लोकप्रिय असले तरी कच्चे आहे. मंडळात निराळ्या अनुभवाची माणसे आली की प्रश्नही निराळे विचारले जातात, हा युक्तिवाद अधिक पटणारा आहे. हॉटेलच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव समोर असताना दर्शनी दालन सजवायचे की जुना बॉयलर काढून हीट पंप (कमी ऊर्जेत पाणी तापवणारे यंत्र) बसवायचा, असा पेच पडतो. खर्च आज होतो आणि बचत पुढे अनेक वर्षे होत राहते, त्यामुळे अशा वेळी कुणीतरी हिशेब लांबच्या मुदतीने मांडावा लागतो. मात्र एकटी स्त्री संचालक बहुधा प्रतीकापुरतीच धरली जाते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये या प्रतीकात्मकतेचे विश्लेषण केले आणि किमान तीन स्त्रिया असल्यास त्यांचे म्हणणे गटाचा भाग म्हणून ऐकले जाते, असे पुढील संशोधकांनी मांडले. भारताचा २०१३ चा कंपनी कायदा ठरावीक कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक नेमायला सांगतो. नॉर्वेने २००३ च्या कायद्याने सार्वजनिक मर्यादित कंपन्यांच्या मोठ्या मंडळांवर स्त्रिया आणि पुरुष प्रत्येकी किमान ४० टक्के असावेत, असे ठरवले.

कार्यकारणभाव सिद्ध करणे अवघड आहे, कारण पर्यावरणाबाबत आधीच सजग असलेली कंपनीच स्त्रियांना अधिक संधी देत असण्याची शक्यता उरते. म्हणून कायद्याच्या सक्तीने झालेले बदल संशोधकांना विशेष मोलाचे वाटतात, कारण तेथे स्त्रिया नेमण्याचा निर्णय कंपनीच्या मर्जीवर नसतो. शिवाय अनेक अभ्यास कंपनीच्या अहवालातील माहितीवर किंवा तिला मिळालेल्या पर्यावरणविषयक मानांकनावर विसंबतात. प्रत्येक मुक्कामामागे वापरलेले पाणी, वीज आणि उरलेले अन्न मोजणे हा त्याहून खरा निकष होय. तेथेही अडचण आहे : हॉटेलवर नाव एका कंपनीचे आणि इमारत दुसऱ्याच्या मालकीची असेल, तर बॉयलर बदलण्याचा अधिकार बहुधा त्या मालकाकडेच असतो.